पुंजाराम हवालदारांची कदवार फौज

पुंजाराम हवालदारांच्या तोंडात दोन माणसं राहतात. एक आमच्या सावरखोऱ्याचा, तो "मंग काय, बसा की" म्हणतो. दुसरा पलटणीतला, तो "थम्म" म्हणतो आणि म वर पाय आपटतो. पहिला बिडी मागतो, दुसरा ती विझवायला लावतो. कधी कोण बाहेर येईल सांगता येत नाही. एकदा त्यांनी म्हशीला "पीछे मूड" केलं आणि म्हैस वळली, असं गिरिजाबाई शपथेवर सांगतात. गिरिजाबाई म्हणजे हवालदारांच्या मंडळी. अख्ख्या गावात हवालदारांना हुकूम देणारं एवढं एकच माणूस.

सावरखोरा धावड्याच्या अलीकडं, टेकडीच्या पोटात. आमच्या बौद्ध वस्तीत शिरलं की पहिलं घर त्यांचं. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, त्याच्या खाली हवालदारांचा स्वतःचा, मशीनगनमागं पालथं पडून काढलेला. पाहुणा आला की त्याला फोटोपुढं उभं करून विचारतात, "ह्याच्यात मी कोनता, वळखा बरं." फोटोत माणूस एकच आहे.

महार रेजिमेंटमधून पेन्शन घेऊन आले तेव्हा त्यांच्याबरोबर एक काळी पेटी होती. जालन्याला मस्तगडच्या दुकानातून घेतलेली एक शिट्टी होती, कारण पलटणीची शिट्टी पलटणीनं ठेवून घेतली, याचा राग अजून आहे. आणि एक दोर होता. पांढरा, अंगठ्याएवढा जाड, ओढला तर जरासुद्धा कुरकुर न करणारा. तो खुंटीला टांगलेला असायचा. "ह्या दोरानं कड्यावरून जवान खाली उतरतो," हवालदार सांगायचे. चुलीपासून आवाज यायचा, "जवान उतरतो. पोहरा मातर उतरत न्हाई."

त्याचं असं होतं. वस्तीची विहीर वेगळी होती आणि दुष्काळानं सगळ्यात आधी ती खाल्ली. मग गावची आटली. पाणी उरलं शिवेवरच्या ढवळ्या विहिरीला. तिथं वस्तीच्या बायांनी कठड्यापासून दूर उभं राहायचं, गावातल्या कुणाला दया आली की तिनं पोहरा शेंदून वरून घागरीत ओतायचा. सरकारचा कायदा काय म्हणतो ते सगळ्यांना ठाऊक होतं. पण सरकार भोकरदनला, आणि विहीर इथं. सरहद्दीवर मशीनगन चालवलेल्या माणसाची बायको रिकामी घागर घेऊन उन्हात उभी राहायची. हवालदार दोन वेळा पंचायतीत गेले. दोन्ही वेळा रामराव पाटलांनी एकच उत्तर दिलं.

पाटलांचा आवाज काढायला सोपा. आधी घसा दोनदा साफ करायचा, मग डोळे मिटायचे, मग प्रत्येक वाक्यात "तूर्त" घालायचा. "हं, हं. पुंजाराम, तुझं म्हणनं बराबर हे. पर तूर्त पाऊस पडू दे. तूर्त जैसे थे राहू दे."

'जैसे थे' हा शब्द पाटलांनी तहसील कचेरीतून आणलेला. बांध कोरला, जैसे थे. देवळाचा कळस वाकला, जैसे थे. जे आहे ते तसंच ठेवायचं आणि घरी जाऊन झोपायचं, असा त्याचा अर्थ.

गंमत अशी की हवालदारांनी पण हाच शब्द पलटणीतून आणला होता. शाळेत पंधरा ऑगस्टच्या आधी ते कवायत घ्यायला येतात. कुणी उजव्याऐवजी डावा पाय टाकला की हवालदार ओरडतात, "जैसे थे!" की सगळ्यांनी मागं जाऊन पुन्हा पहिल्यापासून. म्हणजे एका गावात एकच शब्द, पाटलांच्या तोंडी त्याचा अर्थ 'हलू नका' आणि हवालदारांच्या तोंडी 'चुकलं, पुन्हा करा'. दोघं समोरासमोर येईपर्यंत हे कुणाच्या ध्यानात आलं नाही.

त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात ते समोरासमोर आले.

पलीकडच्या टेकाडवाडीच्या काकासाहेबांनी निरोप धाडला की ढवळी विहीर शिवेवर आहे, म्हणजे निम्मी आमची, शुक्रवारी सकाळी आम्ही गाड्या आणि टिपाडं घेऊन येतो, कुणाच्यात दम असेल त्यानं अडवावं. विहिरीचा वाद तहसीलला चालूच होता. साहेब 'जैसे थे'ची आर्डर काढणार, असं दोन्ही गावांना कळलं होतं. म्हणूनच काकासाहेबांना घाई. धावड्याच्या बाजारात ते नाकातून बोलले ते अख्ख्या बाजारानं ऐकलं. "आर्डर यायच्या आंदी आपली गाडी हिरीवर उभी पाह्यजे. मंग सायेब म्हनू द्या जैसे थे. आपली गाडी तिथं 'थे' आसनार."

एवढं ऐकल्यावर पाटील वस्तीत आले. निवडणूक नसताना आले. हवालदारांच्या दारात उभे राहून त्यांनी घसा साफ केला. गिरिजाबाईंनी बाज ओढली, वर घोंगडी टाकली. पाटील बाजेच्या कडेवर टेकले, निम्मे बाजेवर, निम्मे हवेत.

"च्या टाकू का?"

"नको नको. आत्ताच झाला."

"भिऊ नका पाटील," गिरिजाबाई म्हणाल्या. "घरात पानीच न्हाई, च्या कशाचा टाकनार. इचारायची रीत म्हनून इचारलं."

पाटलांनी टोपी काढली, परत घातली. "हं, हं. पुंजाराम, तू फौजेतला मानूस. तूर्त एवढं कर, आपल्या गावची फौज बघून दे. किती दम हे, शुक्रवारी निभंल का न्हाई, ते सांग."

"बघतो," हवालदार म्हणाले. "पर खरं ते सांगनार. चालंल?"

"चालंल की."

"बिलकुल खरं."

"अरे चालंल म्हनलो ना."

दुसऱ्या दिवशी शाळेच्या पटांगणात गावची फौज गोळा झाली. आता, गावची तरणी पोरं होती कुठं? सगळी पाझर तलावाच्या कामावर, तिकडंच पालं ठोकून, खडी फोडायला. गावात उरले होते ते खडीला नको असलेले. हवालदार पेटीतली बेरेट घालून, शिट्टी गळ्यात अडकवून, छाती एवढी पुढं काढून आले की छाती आधी पोचली आणि ते मागून.

पहिले तातेराव. गावात सगळ्यात रुंद माणूस. हवालदारांनी त्यांना पिंपळापर्यंत पळून यायला सांगितलं. तातेराव गेले धावत आणि आले बसत. त्यांच्या छातीतून बाजाच्या पेटीसारखे सूर निघत होते, काळी दोन, पांढरी पाच.

"पाटील, तुमी दम इचारला होता," हवालदार म्हणाले. "दमा हे."

दुसरा मच्छिंद्र शिंपी. हवालदार हातभर अंतरावर उभे राहिले आणि म्हणाले, "मी कोन?"

मच्छिंद्रानं डोळे बारीक केले. "आवाजावरून हवालदार वाटता."

मग कडूबाआजा. ह्यांना ऐकू कमी येतं, म्हणून समोरचा काय बोलला ते स्वतःच एकदा मोठ्यानं म्हणतात आणि मग उत्तर देतात. रझाकाराच्या वेळचा भाला घेऊन आले होते.

"हत्यार दाखवा," हवालदार म्हणाले.

"हत्यार दाखवा. दाखवतो की. ह्या भाल्यानं रझाकाराच्या टायमाला..."

भाला उचलला तशी काठी वर गेली आणि पातं खाली राहिलं. कडूबाआजांनी पात्याकडं पाहिलं, काठीकडं पाहिलं. "त्या टायमाला बराबर व्हता," ते म्हणाले.

हवालदार सगळ्यांपुढून एकदा गेले, हात उलटे करून पाहिले, पावलं पाहिली, जीभ पाहिली. रेशनवरच्या परदेशी लाल मिलो ज्वारीच्या भाकरी आणि सरकारी सुकडीवर माणसाच्या अंगात किती राहतं ते त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. तेच त्यांच्या ताटात होतं. मग ते पाटलांपुढं आले, टाचा जुळवल्या.

"रिपोट. फौज न्हाई. दवाखान्याची रांग हे."

पाटलांचं तोंड उतरलं. "अरे हळू. लोकाच्या म्होरं कशाला? तूर्त सगळं ठीक हे म्हनावं, लोकाला धीर येतो."

"धीर?" आता तोंडातला पलटणीतला माणूस मागं सरकला आणि सावरखोऱ्याचा पुढं आला. "पाटील, मी वर बर्फात होतो. सायेब इचारायचे, सब ठीक? आमी म्हनायचो, सब ठीक है साब. बुटाला भोक, त्या भोकातून बर्फ आत, तरी सब ठीक. माझ्या बाजूच्या गड्याचा अंगठा गेला सब ठीक म्हनता म्हनता. तवापासून मी ठरवलं, जे हे ते सांगायचं."

 तातेरावांच्या छातीतली पेटी तेवढी वाजत होती.

"आता दुसरा रिपोट," हवालदार म्हणाले. "दुश्मनाचा. टेकाडवाडीची पोरं कुठं हेत?"

"कुठं म्हंजे?"

"आपली पोरं आन त्यांची पोरं एकाच तलावाची खडी फोडून राह्यले. एकाच पातेल्यातली सुकडी खाऊन राह्यले. मंग काकासायेब आनतो कोनाला? एक तो सोता. दोन-तीन भाऊबंद. आन गाड्या हाकायला?" त्यांनी बघायला आलेल्या गिरिजाबाईंकडं पाहिलं. गिरिजाबाईंचं माहेर टेकाडवाडीची वस्ती.

"माझा भाऊ वसंता," त्या म्हणाल्या. "आन वस्तीतलेच चार. रोज कबूल केलाय म्हनं. पर हिरीजवळ गाडी लावून दूर थांबायचं, कठड्याला हात लावायचा न्हाई, आसं बजावलंय."

"ऐकलं पाटील? त्याची फौज आपल्याइतकीच वाळली. मंग ज्याच्या मागं जास्त मानसं मनानं उभी, त्याची फौज. मला सगळे पाह्यजे. मानसं, बाया, गाव, वस्ती. एक लाईन. कदवार."

"कदवार म्हंजे?"

"लंबा दाहिने, छोटा बाएँ. उंच उजवीकडं, बुटका डावीकडं. मधी काही न्हाई."

"मधी काही न्हाई म्हंजे?"

"म्हंजे मधी काही न्हाई."

पाटलांना कळलं होतं. सगळ्यांनाच कळलं होतं. विहिरीपासून दूर उभं राहणारं आणि जवळ उभं राहणारं, असं दोन्ही एका रांगेत, आणि रांग नुसत्या उंचीची. पाटलांनी डोळे मिटले. "हं, हं. वस्तीची लाईन तूर्त बाजूला लावू. तिथं जैसे थे..."

हवालदारांनी बेरेट काढून घडी केली. "मंग फौज तुमची तुमी घ्या. मी इन्स्पेक्शनला आल्तो. इन्स्पेक्शन झालं."

ते घरी गेले आणि बाजेवर बसून त्यांनी बिडी पेटवली. गिरिजाबाई म्हणाल्या, "अवं, पानी गेलं तर आपलं बी गेलं. तुमी निम्मी हीर बी घालवली."

"निम्मी कुठली? आपली कवा होती? ओतलं तर प्यायचं."

"मंग रुसून आला का?"

"कदवार न्हाई तर हवालदार न्हाई," ते म्हणाले. पण बिडी ओढायचं विसरले आणि ती तशीच विझली.

पाटलांच्या घरी काय झालं ते त्यांच्या शेजारणीकडून कळलं. पाटलीणबाई, दुर्गाबाई, उंचीनं दारात वाकून जाणाऱ्या. बोलतात कमी आणि एकाच सुरात, दळण दळल्यासारख्या. त्यांनी रिकामा रांजण पाटलांपुढं आडवा केला. रांजणातून एक पाल निघून गेली. "हे जैसे थे ठेवू का?" त्यांनी विचारलं.

दिवस कलायच्या आत पाटील परत वस्तीत हजर. ह्या खेपेला बाजेवर सगळेच्या सगळे बसले. म्हणाले, "हवालदार, कदवार तर कदवार."

'पुंजाराम'चा 'हवालदार' झाला होता. गिरिजाबाईंनी तो ऐकला आणि पदर नीट केला.

गुरुवारी कवायत झाली. कवायतीत पहिल्यांदा कळलं की गावात कोण किती उंच आहे. इतकी वर्षं लोक एकमेकांकडं पाहत होते, पण कोण कोणाचा हे बघायचे, डोकं कुठपर्यंत येतं हे बघत नव्हते. उजव्या टोकाला सगळ्यात उंच निघाल्या दुर्गाबाई. त्यांच्यानंतर वस्तीतला संपत, मग तातेराव, मग कुणी ह्या आळीचं, कुणी त्या. डावीकडं सरकत सरकत गिरिजाबाई आल्या. आणि अगदी शेवटाला, त्यांच्याही पलीकडं, त्यांच्या खांद्याला खांदा लागून, रामराव पाटील. नवरा उभा ह्या टोकाला, बायको त्या टोकाला, मधी अख्खं गाव.

"पाटील, टोपी धरून मोजू का टोपी काढून?" मच्छिंद्रानं विचारलं.

"कशी बी मोज. जागा तीच हे," गिरिजाबाई म्हणाल्या. पाटलांना हसू आलं, ते त्यांनी खोकल्यात घातलं.

पण कवायत काही जमेना. "दाहिने मूड" म्हटलं की निम्मे इकडं, निम्मे तिकडं, आणि कडूबाआजा "दाहिने मूड" असं मोठ्यानं म्हणून समोरच बघायचे. हवालदार ओरडायचे, "जैसे थे!" सगळे पुन्हा पहिल्या जागी. फक्त पाटील जिथं चुकून वळले असतील तिथंच पक्के.

"पाटील, जैसे थे म्हनलो मी."

"मंग तसाच तर उभा हे."

"तसा न्हाई. पहिल्यासारखा."

"अरे, जैसे थे म्हंजे हे तसं ठेवायचं. मला शिकवतो का? मी तहसीलला जन्म काढला."

"फौजेत जैसे थे म्हंजे चुकलं. मागं या आन पुन्हा बराबर करा."

पाटलांनी ह्यावर बराच विचार केला. "तुमच्या फौजेत सगळं उलटंच हे," ते म्हणाले. पण मागं आले.

शुक्रवारी सकाळी टेकाडवाडीच्या गाड्या आल्या. पाच गाड्या, त्यावर रिकामी टिपाडं, खडखडाट असा की तोफखाना येतोय वाटावं. पहिल्या गाडीत काकासाहेब, पांढरा फेटा, मांडीवर काठी. आमची रांग विहिरीच्या कठड्याला लागून उभी होती. काठ्या नव्हत्या, विळे नव्हते. हवालदारांनी एकालाही हत्यार आणू दिलं नव्हतं. प्रत्येकाच्या पायाशी घागर. गिरिजाबाईंच्या खांद्यावर तो पांढरा दोर.

गाड्या हाकेवर आल्या तसे हवालदार गरजले, "सावधान!"

रांग ताठ झाली. सगळी झाली, कडूबाआजा सोडून. त्यांनी "सावधान" असं मोठ्यानं म्हटलं आणि विहिरीकडं तोंड केलं.

"जैसे थे!"

टेकडीवरून तो आवाज परत आला. काकासाहेबांनी गाडी थांबवली. "आली का?" ते नाकातून म्हणाले. "जैसे थेची आर्डर आली का? कवा आली?"

 रांगेच्या शेवटून पाटलांची कुजबुज आली, "हो म्हन. हवालदार, हो म्हन."

हवालदारांनी नुसतं हो म्हटलं असतं तर गाड्या वळल्या असत्या. पण हा सब ठीक म्हणायचं सोडलेला माणूस.

"तहसीलची न्हाई आली," ते म्हणाले. "ही माझी हे. आमचा एक जवान उलटा उभा राह्यला."

काकासाहेब हसले. त्यांचं हसू पण नाकातून येतं, शेळी शिंकावी तसं. खाली उतरले आणि रांगेपुढून चालत निघाले. दुर्गाबाईंपुढं त्यांनी मान खाली घातली, तातेरावांच्या छातीचा बाजा ऐकला, मच्छिंद्रापुढं आले तर मच्छिंद्र त्यांनाच म्हणाला, "राम राम हवालदार." डाव्या टोकाला पोचले आणि थांबले.

"रामराव? पार शेपटीला? आन ते बी कोनाच्या शेजारी? घरी सांगून आला का, का आता घरात घेत न्हाईत?"

भाऊबंद हसले. आमच्या रांगेतली सगळी डोकी समोर आणि सगळे डोळे डावीकडं. पाटलांचा पाय जरासा उचलला गेला. तो पाय एक पाऊल बाजूला पडला असता तर रांग संपली होती आणि फौजही. गिरिजाबाई समोर टेकडीकडं बघत होत्या. पायाकडं त्यांनी पाहिलं नाही, पण दोरावरची मूठ घट्ट झाली होती.  ह्या पायाला हवालदारांनी हुकूम देऊन चालणार नव्हतं.

पाटलांनी घसा साफ केला. पाय होता तिथं ठेवला.

"हं, हं. काकासायेब, ही लाईन कदवार हे. गावात सगळ्यात बुटका मी, म्हनून मी हितं. पाटीलकी लांबी वाढवत न्हाई. तुमच्या गावात कदवार लावतात का न्हाई?"

ह्यात एकदाही 'तूर्त' नव्हता. हे मी नीट ऐकलं.

मग गाडीवरून हाक आली. "अक्का, तू लाईनीत?" गिरिजाबाईंचा भाऊ, वसंता. त्याचा आवाज चिरका, ऊस मोडावा तसा.

"दिसत न्हाई का?"

"पोहरा कोन ओतनार तुला?"

"कोनी न्हाई. दोर माझा आनला हे."

 वसंतानं दोराकडं बघितलं, बहिणीकडं, बहिणीच्या बाजूच्या पाटलांकडं. मग खाली उतरला आणि बैलांच्या मानेवरचं जू सोडलं. मागच्या गाडीवाल्यानं ते पाहिलं आणि त्यानंही सोडलं.

"वसंता," काकासाहेब म्हणाले, "गाडी म्होरं घे."

"घेतो की मालक. फकस्त लाईनीत कुठं उभं राहायचं ते इचारून घेतो." हवालदारांकडं वळून म्हणाला, "दाजी, माझी जागा कोनती?"

"कद बघ आन शीर," हवालदार म्हणाले.

वसंता संपतच्या शेजारी शिरला. पाचही गाड्या बिनमाणसांच्या झाल्या. बैल खाली बसले. काकासाहेबांजवळ राहिले तीन भाऊबंद, एक काठी आणि पाच रिकामी टिपाडं. फौज वाळलेली म्हणजे काय ते दोन्ही गावांनी एकदम पाहिलं.

आता हवालदारांनी शिट्टी मारून त्यांना हाकलायला पाहिजे होतं, असं कडूबाआजांचं म्हणणं होतं. पातं बसवलेला भाला त्यांनी घरी लपवून ठेवला होता. पण हवालदार काकासाहेबांपुढं गेले आणि टाचा जुळवल्या. "काकासायेब, तुमच्याकडं पानी न्हाई, हे खोटं न्हाई. टिपाडं चालायची न्हाईत, हिरीत तेवढं न्हाईच. पर घागर चालंल. जो लाईनीत उभा राहील त्याला. तुमी उंच आहात. उजवीकडं जागा हे."

काकासाहेब गाडीच्या धुरेवर बसले. पहिली घागर भरताना ते बसूनच होते. ती भरली गिरिजाबाईंनी. त्या कठड्यापाशी गेल्या, दोराला पोहरा बांधला, गाठ दोनदा ओढून पाहिली आणि सोडला. दोर सरसर गेला, आवाज न करता. मग खालून पाण्याचा आवाज आला. एवढा साधा आवाज, पण बाजूच्या बायांनी एकमेकींचे हात धरले. पोहरा वर आला. पहिली घागर कुणाची म्हणून बघितलं तर हातापाशी होती ती पाटलांची. गिरिजाबाईंनी ती भरली. वरून ओतून नव्हे; घागर कठड्यावर नीट ठेवून.

"उचला," त्या म्हणाल्या. "का 'आत्ताच झालं' म्हनता?"

पाटलांनी उचलली. ऊन चढल्यावर काकासाहेब धुरेवरून उठले, फेटा सारखा केला आणि दुर्गाबाईंच्या उजवीकडं जाऊन उभे राहिले. ते त्यांच्यापेक्षा बोटभर उंच निघाले, एवढं समाधान त्यांना मिळालं.

पुढच्या गुरुवारी तहसीलची आर्डर आली. तलाठी अण्णासाहेबांनी विहिरीवरच वाचली. अण्णासाहेब वाचतात ते पोथीसारखं, प्रत्येक ओळीच्या शेवटी हेल काढून. मधलं कुणाला कळलं नाही. शेवटचं कळलं: विहिरीबाबत जैसे थे.

"जैसे थे," कडूबाआजा मोठ्यानं म्हणाले. "झालं तर मंग. सरकारनंच सांगितलं. गाव हिरीवर, वस्ती पल्याड. पहिलं व्हतं तसं."

दोघं-चौघं म्हातारे माना हलवू लागले. कठड्याजवळच्या एका बाईनं आपला पोहरा जवळ ओढला. सगळी रांग तशीच उभी, पण सैल झाली, माळेचा दोरा ढिला व्हावा तशी. हवालदारांनी छातीत हवा भरली. तोंडातलं कोणतं माणूस बाहेर येणार, आम्ही वाट बघत होतो.

त्याआधी गिरिजाबाई बोलल्या.

"अण्णासायेब, जैसे थे म्हंजे कवाचं थे?"

"आर्डरच्या तारखेचं, बाई. त्या दिवशी जे चालू होतं ते तसंच चालू ठेवायचं."

"आन तारीख?"

अण्णासाहेबांनी कागद जवळ धरला, लांब धरला. "परवाची. मंगळवारची."

"मंगळवारी माझा दोर हिरीत व्हता," गिरिजाबाई म्हणाल्या. "सगळ्यानी बघितला. म्हंजे माझा दोर 'थे'."

काकासाहेब त्या दिवशीही रांगेत होते, उजव्या टोकाला. त्यांचं ते शेळीच्या शिंकेसारखं हसू आलं. "माझंच बोलनं हे," ते म्हणाले. "माझ्या बाजारातलं. पर बराबर हे."

पाटलांनी डोळे मिटले, घसा साफ केला. सगळ्यांना वाटलं आता 'तूर्त' येणार. पाटील कठड्यापासून निघाले आणि चालत चालत डाव्या टोकाला, गिरिजाबाईंच्या पलीकडच्या आपल्या जागी जाऊन उभे राहिले. "कडूबा," ते म्हणाले, "उलटा उभा हेस. मागं ये आन पुन्हा बराबर उभा राहा."

"मागं ये आन पुन्हा बराबर उभा राहा," कडूबाआजा म्हणाले, आणि वळले.

 हवालदारांनी भरलेली हवा हळूच सोडली. तोंडातली दोन्ही माणसं एकदम गप्प बसलेली गावानं पहिल्यांदाच पाहिली. नुसते बघत होते, बायकोकडं, छाती तशीच पुढं काढून.

"अवं," गिरिजाबाई म्हणाल्या, "बघता काय? शिट्टी मारा. घागरी तापून राह्यल्या."

हवालदारांनी टाचा जुळवल्या आणि शिट्टी मारली.